वेगळा विदर्भ? बरं, रेघ कुठून ओढू?

वेगळ्या राज्याबद्दल मत सगळ्यांकडे असतं. पण त्या राज्याची हद्द नेमकी कुठल्या गावाच्या अलीकडून जाणार, असं विचारलं की वाद घालणारे एकदम गप्प होतात. नकाशा उघडून बघू, का ते.

एक काम करा. शाळेत असताना स्टेशनरीच्या दुकानातून आपण महाराष्ट्राचा कोरा नकाशा आणायचो ना, नुसत्या जिल्ह्यांच्या रेघा असलेला? तो एक मिळवा. नाही मिळाला तर मोबाइलवर काढा. आता पेन्सिल घ्या आणि त्यातून विदर्भ वेगळा करून दाखवा.

सोपंय, असं वाटेल. नागपूर विभागातले सहा जिल्हे, म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. अमरावती विभागातले पाच, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलढाणा. झाले 11. त्यांच्याभोवती पेन्सिल फिरवली की सुमारे 97 हजार चौरस किलोमीटरचं राज्य तयार. विधानसभेच्या 62 जागा, लोकसभेच्या 10.

पुण्यातल्या कुठल्याही होस्टेलवर 1 मेच्या आसपास या विषयावर रात्री दोनपर्यंत भांडणं होतात. तुम्ही विदर्भातले असाल तर एका बाजूने तुम्हीही कधीतरी भांडला असाल, नसाल तर दुसऱ्या बाजूने. एक म्हणतो करा वेगळा, दुसरा म्हणतो होऊच देणार नाही. गंमत अशी, की हे दोघं ज्यावर भांडतात तो नकाशा मात्र एकच असतो. हद्द कुठली, यावर दोघांचं एकमत! ती रेघ कुणीतरी आधीच ओढून ठेवलीय आणि ती बरोबर आहे, हे दोघांनीही गृहीत धरलेलं असतं.

आता तुमची पेन्सिल जरा खाली आणा. यवतमाळ आणि नांदेड या दोन जिल्ह्यांच्या मधे. इथे पैनगंगा वाहते आणि नदीच्या दक्षिणेला माहूर आहे. रेणुकामातेचं माहूर. नवरात्रात यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडून माणसं लोटतात तिथे. माहूरच्या माणसाला नांदेडपेक्षा यवतमाळ जवळ. पण जिल्हा नांदेड, विद्यापीठ नांदेडचं, विभाग मराठवाडा. म्हणजे 11 जिल्ह्यांभोवती रेघ ओढली, की माहूर दुसऱ्या राज्यात.

‘मग माहूर घ्या की विदर्भात,’ असं कुणीतरी म्हणेल. घेऊ. पण मग माहूर ज्या किनवट तालुक्यातून निघालं, त्या किनवटचं काय? आणि किनवटबद्दल बोलायचं तर राजुऱ्याबद्दल बोलावं लागतं. तिथे खरी मजा आहे.

एका जिल्ह्याचे दोन तुकडे

1956 चा राज्य पुनर्रचना कायदा परीक्षेपुरता आपण सगळ्यांनी वाचलेला असतो. 1 नोव्हेंबर 1956, भाषावार राज्यं, एक मार्क. पण त्या कायद्यात मुंबई राज्यात काय काय येणार याची जी यादी आहे, ती एकदा नीट वाचून बघा. औरंगाबाद, परभणी, बीड, उस्मानाबाद हे जिल्हे अख्खे. बिदर जिल्ह्यातले अहमदपूर, निलंगा, उदगीर हे तालुके. नांदेड जिल्हा, पण देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही सर्कल सोडून, आणि मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा, कुबीर ही सर्कल सोडून. आदिलाबाद जिल्ह्यातून बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल तेवढं, शिवाय किनवट तालुका आणि राजुरा तालुका.

सर्कल म्हणजे महसुली मंडळ, तालुक्याहूनही लहान. दिल्लीत बसून कुणीतरी हे ठरवत होतं, की भैंसा तिकडे आणि इस्लापूर इकडे. भैंशात आजही मराठी बोलणारी भरपूर माणसं भेटतात. तो भाग आता तेलंगणात.

तर किनवट आणि राजुरा. दोन्ही तालुके एकाच आदिलाबाद जिल्ह्यातले, दोन्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानातले, दोन्ही एकाच दिवशी मुंबई राज्यात आले. दोन्ही आधी नांदेडला जोडले गेले. मग 1959 मध्ये राजुरा काढला आणि त्या वेळच्या चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर जिल्ह्यात टाकला. कारण साधंच होतं: वर्धा नदी ओलांडली की बल्लारपूर, पुढे चांदा. नांदेड कुठे आणि राजुरा कुठे. किनवट नांदेडमध्येच राहिला.

झालं. एक भाऊ मराठवाड्याचा झाला, दुसरा विदर्भाचा. आज राजुऱ्यातली मुलं गोंडवाना विद्यापीठाची परीक्षा देतात, ‘आम्ही वैदर्भीय’ म्हणतात आणि 17 सप्टेंबरला मराठवाड्यासारखाच मुक्तिदिनही साजरा करतात. 1955 मध्ये फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, हे तुम्ही भाषणांत अनेकदा ऐकलं असेल. ती शिफारस आठ जिल्ह्यांची होती. (पुढे चांद्यातून गडचिरोली, अकोल्यातून वाशीम आणि भंडाऱ्यातून गोंदिया निघाला, म्हणून आठाचे 11 झाले.) त्या आठांत राजुरा नव्हता. तो तेव्हा चांद्यात नव्हताच.

म्हणजे ‘ऐतिहासिक विदर्भ’ हवा असेल तर राजुरा बाहेर काढावा लागेल. ‘सोयीचा विदर्भ’ हवा असेल तर माहूर आत घ्यावं लागेल. ‘आज आहेत ते 11 जिल्हे’ असं म्हणायचं असेल, तर 1959 मध्ये एका तालुक्याची प्रशासकीय बदली झाली, तीच उद्या राज्याची सीमा ठरणार.

घटक कोणता?

सीमा आखणारे लोक यासाठी एक शब्द वापरतात: घटक. रेघ ओढताना सगळ्यात लहान तुकडा कुठला धरायचा? जिल्हा, तालुका की गाव? ऐकायला कारकुनी वाटतं. पण घटक ठरला की उत्तर जवळपास ठरतंच.

बेळगावचं उदाहरण घरातलंच आहे. 1956 मध्ये तिथे ढोबळमानाने जिल्हा हा घटक धरला गेला. अख्खा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्याला गेला, फक्त चंदगड तालुका काढून महाराष्ट्राच्या बाजूला ठेवला. तेव्हापासून महाराष्ट्राचं म्हणणं काय आहे? खेडे हा घटक धरा, भौगोलिक सलगता बघा, भाषिक बहुसंख्या बघा आणि लोकेच्छा बघा. आंध्र आणि मद्रासमधला सीमावाद ह. वि. पाटसकरांनी याच पद्धतीने मार्गी लावला होता. म्हणून सीमाभागातले कार्यकर्ते आजही ‘पाटसकर सूत्र’ म्हणतात. गाव धरलं की महाराष्ट्राचा दावा 814 गावांवर येतो. महाजन आयोगाने 1967 मध्ये 264 गावं महाराष्ट्राला द्यायला सांगितली, कर्नाटकाला 247, आणि बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवलं. महाराष्ट्राने अहवाल नाकारला. 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

आता जरा स्वतःला अडचणीत टाकणारा प्रश्न विचारू. बेळगावला आपण ‘खेडे घटक’ म्हणतो, मग विदर्भाच्या सीमेवर जिल्हा घटक कसा चालेल? आणि गाव घटक धरायचा, तर बुलढाण्याच्या पश्चिम टोकाला काय होईल? देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या भागाला जालना हाकेच्या अंतरावर. बुलढाण्याच्या माणसाला नागपूर गाठायचं म्हणजे अख्खा वऱ्हाड आडवा ओलांडायचा, त्यापेक्षा छत्रपती संभाजीनगर कितीतरी जवळ. तिथल्या गावांनी उद्या सांगितलं की आम्हाला नागपूरच्या राज्यात यायचं नाही, तर? (आणि जिजाऊंचं जन्मगाव एका राज्यात आणि रायगड दुसऱ्या राज्यात, यावर किती भाषणं होतील याची कल्पनाच करा.)

गावाचा घटक ऐकायला सगळ्यात लोकशाहीवादी वाटतो आणि मला तो पटतोही. पण त्याचाही घोळ आहे. गावं सरळ रांगेत उभी नसतात. या भाषेचं गाव, मग त्या भाषेचं, मग पुन्हा या भाषेचं. सलगतेची अट घातली की मधली गावं त्यांना विचारून काय उपयोग, कशीही जातात. शिवाय माणसं दर वेळी भाषेवरच मत देत नाहीत. काही वर्षांपूर्वी नांदेडच्या धर्माबाद तालुक्यातल्या गावांनी ‘आम्हाला तेलंगणात घ्या’ म्हणून आवाज उठवला, तो तिथल्या योजना बघून. सांगलीच्या जत तालुक्यातल्या गावांनी कर्नाटकात जाण्याची भाषा केली, ती पाण्यासाठी.

विदर्भाच्या बाबतीत तर भाषेची रेघ ओढताच येत नाही. दोन्हीकडे मराठीच! उलट जिथे भाषा खरंच उपयोगी पडली असती, तिथे कुणी पेन्सिल नेत नाही. उत्तरेला सौंसर आणि पांढुर्णा बघा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर जिथे गोटमार होते, ते पांढुर्णा. 2023 पासून तो मध्य प्रदेशातला वेगळा जिल्हा आहे. घराघरात मराठी. संत्र्याचा पट्टा नागपूरशी सलग. पण 11 जिल्ह्यांच्या विदर्भात त्यांचा विषयच निघत नाही. आणि दक्षिणेला सिरोंच्यात गेलात तर कानावर तेलुगू पडेल, तो मात्र विदर्भात धरलेला. गडचिरोलीच्या जंगलात माडिया आणि गोंडी बोलणाऱ्यांना या रेघेबद्दल कुणी विचारलंय, असं मला तरी आठवत नाही. त्यांच्यातल्या काहींचं म्हणणं वेगळंच आहे: विदर्भ राहू द्या, गोंडवाना द्या.

विदर्भाच्या आतली शिवण

नकाशाकडे परत या. वर्धा नदी शोधा. एका बाजूला अमरावती, यवतमाळ. दुसऱ्या बाजूला वर्धा, नागपूर. ही नदी म्हणजे विदर्भाच्या मधली जुनी शिवण. पश्चिमेचा वऱ्हाड निजामाचा. 1853 मध्ये तो कारभारासाठी इंग्रजांकडे गेला, तरी कागदोपत्री मालकी निजामाचीच राहिली. इतकी, की 1936 पासून निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ असा किताब होता. पूर्वेचं नागपूर भोसल्यांचं, ते डलहौसीने खालसा केलं आणि पुढे 1861 च्या मध्य प्रांतात गेलं. वऱ्हाड आणि नागपूर एका प्रांतात बांधले गेले ते 1903 मध्ये. 1 ऑक्टोबर 1938 ला त्या प्रांताच्या विधिमंडळाने मराठी भागाचा वेगळा प्रांत करावा असा ठराव केला. म्हणजे ही मागणी महाराष्ट्र राज्यापेक्षा वयाने मोठी आहे, हे होस्टेलवरच्या भांडणात दोन्ही बाजूंना सांगून बघा.

हा इतिहास आत्ता कशाला? कारण नव्या राज्यात सत्ता कुणाकडे जाणार, याचं गणित या शिवणीवर आहे. आजच्या 62 जागांपैकी नागपूर विभागात 32, अमरावती विभागात 30. जवळजवळ निम्म्याला निम्मं. पण राजधानी कुठे? नागपूर. विधानभवन तिथे, हायकोर्टाचं खंडपीठ तिथे, त्यामुळे दुसरं नाव कुणी घेतही नाही. एकट्या नागपूर जिल्ह्यात 12 जागा आहेत. लोक कामासाठी राजधानीकडे येत राहणार, मतदारसंघांची पुनर्रचना लोकसंख्येवर होणार, आणि तराजू हळूहळू पूर्वेला झुकणार. अकोल्याचा किंवा वाशीमचा पोरगा आज म्हणतो, मुंबई आमचं ऐकत नाही. उद्या तो काय म्हणेल?

हे माझं भाकीत नाही, उत्तराखंडात असंच झालंय. डोंगरी भागाला न्याय हवा म्हणून 2000 साली ते राज्य झालं. रेघ ओढताना हरिद्वार आणि ऊधमसिंहनगर हे सपाटीचे जिल्हेही आत आले, तिथल्या अनेकांचा विरोध असताना. राजधानी डेहराडूनला बसली. पुढे मतदारसंघ नव्याने आखले तेव्हा डोंगरातल्या जागा कमी झाल्या आणि सपाटीच्या वाढल्या. ज्यांच्यासाठी राज्य झालं, त्यांचंच वजन त्या राज्यात घटलं. रेघ थोडी वेगळी असती तर हे गणितही वेगळं असतं.

पेन्सिल कुणाच्या हातात?

तुमच्या-माझ्या हातात नाही, हे उघड आहे. पण मुंबईच्या विधानभवनाच्या हातातही नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. राज्यघटनेचं कलम 3 काढा. नवं राज्य करायचं, सीमा बदलायची, नाव बदलायचं, सगळा अधिकार संसदेचा. साधं बहुमत पुरतं. राष्ट्रपतींच्या शिफारशीने विधेयक येतं, संबंधित राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवलं जातं. मत काय येतं, ते बंधनकारक नाही. 2014 च्या जानेवारीत आंध्र प्रदेश विधानसभेने तेलंगणाचं विधेयक फेटाळलं होतं. फेब्रुवारीत संसदेने ते मंजूर केलं.

आणि मत मागवल्यावर विधेयक बदललं तर? हा प्रश्न पहिल्यांदा कोर्टात गेला तो आपल्याच राज्यावरून. 1956 मध्ये विधिमंडळांकडे मत मागवलं तेव्हा प्रस्ताव तीन तुकड्यांचा होता: महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई. संसदेत त्याचं एक द्विभाषिक मुंबई राज्य झालं. ‘बाबूलाल पराते विरुद्ध मुंबई राज्य’ हा तो खटला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पुन्हा विचारायची गरज नाही. लॉ करत असाल तर हे नाव परीक्षेला येईलच. नसाल तरी लक्षात ठेवा: ज्या रेघेबद्दल तुमच्या आमदाराला विचारलं, ती रेघ नंतर बदलू शकते. पुन्हा न विचारता.

किती उशिरा बदलू शकते, ते बघायला आपल्या सिरोंच्याहून गोदावरीच्या प्रवाहाबरोबर खाली जा. भद्राचलम लागेल. रामाचं प्रसिद्ध मंदिर. हा भाग 1874 पर्यंत नागपूरच्या मध्य प्रांतात होता, मग मद्रास इलाख्यातल्या गोदावरी जिल्ह्यात गेला, 1959 मध्ये तिथून काढून खम्मम जिल्ह्याला जोडला गेला. खम्मम तेलंगणातला. म्हणून 2014 मध्ये सगळे धरून चालले होते की भद्राचलमचा परिसर तेलंगणात जाणार. 30 एप्रिलला तिथल्या लोकांनी तेलंगणातल्या उमेदवारांसाठी मतदानही केलं.

पण खाली गोदावरीवर पोलावरम धरण होऊ घातलं होतं. त्याचं पाणी मिळणार आंध्रला आणि बुडणार ही वरची आदिवासी गावं. बुडणारी जमीन आपल्याच राज्यात असली की पुनर्वसनापासून परवानग्यांपर्यंत सगळं हातात राहतं. बुडिताची काही गावं आंध्रला देण्याची तरतूद मूळ कायद्यात होती. पण 29 मे 2014 ला, तेलंगण राज्य अस्तित्वात यायला चार दिवस उरले असताना, अध्यादेश निघाला आणि खम्मम जिल्ह्यातल्या सात मंडलांचा बहुतेक भाग आंध्र प्रदेशात गेला. मंडल म्हणजे आपल्या तालुक्यासारखं. चिंतूर, कुनावरम, कुकुनूर वगैरे. जुलैत संसदेने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

भद्राचलम शहर तेवढं तेलंगणाकडे ठेवलं. आजूबाजूची गावं आंध्रची. मंदिर एका राज्यात आणि मंदिराची जमीन दुसऱ्या राज्यात, अशी स्थिती झाली. 2022 च्या जुलैमध्ये गोदावरीला मोठा पूर आला, तेव्हा शहराला लागून असलेल्या पाच गावांतले लोक रस्त्यावर उतरले: आम्हाला परत तेलंगणात घ्या. समोर दिसतं ते शहर त्यांचं बाजाराचं, दवाखान्याचं. ते दुसऱ्या राज्यात.

धरणासाठी ओढलेली रेघ कुठल्याच भाषणात नव्हती. कुठल्याच होस्टेलवर तिच्यावर भांडण झालं नसणार.

म्हणून उद्या कुणी विदर्भाचा नकाशा दाखवला, तर मी आधी नद्या बघेन. पैनगंगेवरचे प्रकल्प कुणाच्या हद्दीत, मेडिगड्डा धरणाचं पाणी सिरोंच्याच्या बाजूला चढतं ते कोण निस्तरणार, हे विचारेन. चंद्रपूर-नागपूरचा कोळसा आणि वीजही बघेन. कोळसा कुठल्या राज्यात राहिला यावर दोन्ही राज्यांचा हिशेब हलतो. रेघ शेवटच्या आठवड्यात हलली, तर ती अशाच कुठल्यातरी कारणासाठी हलेल.

दोन रेशनकार्डं, दोन मतदार ओळखपत्रं

राजुऱ्याची गोष्ट अजून संपलेली नाही. राजुरा तालुक्यातून पुढे जिवती तालुका निघाला. डोंगराळ, दुर्गम. तिथे तेलंगणाच्या सीमेवर 14 गावं आहेत. 1956 मध्ये आदिलाबादचे तुकडे पाडताना त्यांच्यावरून जी रेघ गेली, ती कुठून गेली यावर दोन राज्यांचं आजपर्यंत जमलेलं नाही. महाराष्ट्र म्हणतो आमची, तेलंगणही म्हणतं आमची. तिथल्या माणसाकडे दोन रेशनकार्डं असतात, दोन मतदार ओळखपत्रं असतात. गावात दोन ग्रामपंचायती. मराठी शाळा आणि तेलुगू शाळा.

‘भारीच की, डबल धमाका!’ असं मनात आलं असेल तर साहजिक आहे. तिथले लोकही दोन्हीकडच्या योजना घेतात, का घेऊ नयेत? पण जमिनीच्या पट्ट्यांचा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळतोय. दोन राज्यांनी दावा सांगितलेल्या गावाचं काम दोन्ही राज्यांना उद्या करण्यासारखं वाटतं. 2025 मध्ये महाराष्ट्र सरकारने ही गावं पूर्णपणे आपल्याकडे घेण्याची प्रक्रिया सुरू करत असल्याचं जाहीर केलं. रेघ ओढल्याला तेव्हा जवळपास सत्तर वर्षं झाली होती. तिथे लहानाची मोठी झालेली दुसरी-तिसरी पिढी आज तुमच्या वयाची आहे.

तुमच्या वयाचा विषय निघालाच आहे, तर ॲडमिशनचंही बोलू. वैद्यकीय प्रवेशासाठीचा 70:30 चा प्रादेशिक कोटा आठवतो? विदर्भ, मराठवाडा, उर्वरित महाराष्ट्र. 2020 मध्ये तो रद्द झाला. तो असताना किनवटचा मुलगा मराठवाड्याचा आणि राजुऱ्याची मुलगी विदर्भाची ठरायची, 1959 च्या त्या बदलीमुळे. राज्यं वेगळी झाली तर हा प्रश्न कोट्याचा राहणार नाही, थेट डोमिसाइलचा होईल. आंध्र-तेलंगणाने विभाजनानंतर जुनी प्रवेशव्यवस्था 10 वर्षांपुरती चालू ठेवली. 2024 मध्ये मुदत संपल्यावर तेलंगणात ‘लोकल’ विद्यार्थी कोण, यावरून पोरं कोर्टात गेली.

आता समजा, तुम्ही माहूरच्या आहात आणि यवतमाळच्या कॉलेजात शिकता. सकाळची एसटी पकडता. धनोड्याला बस पैनगंगेचा पूल ओलांडते आणि नांदेड जिल्हा संपून यवतमाळ सुरू होतो. डुलकी लागली असेल तर कळतही नाही. मार्च 2023 पासून बायका-मुलींना एसटीत अर्धं तिकीट आहे. ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच मिळते. पलीकडे तेलंगणात डिसेंबर 2023 पासून बायकांना सरकारी बस फुकट, तीही त्यांच्या हद्दीपर्यंत.

अकरा जिल्ह्यांच्या भोवती तुम्ही मघाशी पेन्सिल फिरवलीत ना, ती नेमकी या पुलावरून गेलीय. कंडक्टर तिकीट फाडायला येईल तेव्हा विचारेल, ‘ताई, कुठवर देऊ?’